उंबरठ्याच्या आतली नोकरी

आमच्या गावात नोकरी नेहमी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असायची. बोरी अरब हे यवतमाळ–दारव्हा रस्त्यावरचं, अडाण नदीच्या काठचं गाव. इथून एका बाजूला जिल्ह्याचं ठिकाण, दुसऱ्या बाजूला तालुक्याचं, आणि त्यापलीकडे अमरावती, नागपूर, पुणे. शिकलेला पोरगा एसटीत बसून गेला की तो कामाला लागला असं गाव समजायचं. गावात राहिला तर शिक्षण वाया गेलं, असंही गावच म्हणायचं. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागली आणि हा हिशेब उलटा झाला. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतली पोरं-पोरी लॅपटॉप घेऊन घरी आली, बैठकीच्या खोलीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली, आणि महिनाअखेर त्यांचा पगार नेहमीसारखा खात्यात जमा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि तत्सम सेवांवरचे जुने निर्बंध सैल केले आणि घरी बसून अशी कामं करण्याचा मार्ग मोकळा झाला. टीसीएससारख्या कंपनीने 2025 पर्यंत आपल्याला जेमतेम पाव कर्मचारी ऑफिसात लागतील असं जाहीर केलं होतं. 2023 सालच्या ऑक्टोबरात त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. बोरीसारख्या गावांत आलेले पुष्कळ जण तोवर परतलेही होते. काही मात्र राहिले. काहींनी गावातूनच करता येईल अशी दुसरी नोकरी शोधली.

जे राहिले त्यांच्यातले काही तृप्त आहेत आणि काही आतून कुढत असतात. दोघांचं काम सारखं, पगार जवळपास सारखा, गाव एकच. मग फरक कशाने पडतो? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे, आणि तो वाटतो तेवढा लहान नाही.

समाधान म्हणजे खूश असणं, असं धरून चाललं की सुरुवातीलाच वाट चुकते. एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1976 साली केलेली मांडणी अजून वापरात आहे. माणूस आपल्या कामाचं मनाशी मोल करत असतो आणि त्या मोजणीतून जी सुखद भावना येते तिला त्याने कामाचं समाधान म्हटलं. मोजणी आली म्हणजे माप आलं. पुण्यातल्या वाकडला तिघांत एक फ्लॅट घेऊन राहणारा मुलगा आपला पगार शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याशी ताडून पाहतो. तोच मुलगा त्याच पगारात बोरीला आला की त्याच्यासमोर वेगळी माणसं येतात: कापसाचा भाव विचारत फिरणारा काका, दारव्ह्यात दुकानावर बसणारा वर्गमित्र. पगारात रुपयाचीही वाढ नसते, तरी तो वाढल्यासारखा वाटतो. भाडं वाचलेलं असतं, आईच्या हातचं जेवण असतं, सकाळी वावरात एक चक्कर होते. हे सुख खोटं नाही. पण ते उधारीवरचं आहे. दोन वर्षांनी वाकडचा जुना सहकारी टीम लीडर झाल्याचं कळतं आणि माप पुन्हा बदलतं.

इथे फ्रेडरिक हर्झबर्ग यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या 203 अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना दोनच गोष्टी विचारल्या: कामाबद्दल फार बरं वाटलं असा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं असा सांगा. 1959 साली त्यांचं पुस्तक आलं. उत्तरांतली गंमत अशी की दोन्ही याद्या एकमेकींच्या उलट नव्हत्या. वाईट वाटण्याच्या प्रसंगांत कंपनीची धोरणं, साहेबाचं वागणं, पगार, कामाची जागा यांचं नाव येई. बरं वाटण्याच्या प्रसंगांत हाती घेतलेलं काम तडीस गेलं, कोणी त्याची दखल घेतली, जबाबदारी मिळाली, कामातच रस वाटला, असं येई. म्हणजे तक्रारीची कारणं दूर केली की तक्रार थांबते, पण समाधान आपोआप उगवत नाही. हर्झबर्ग यांच्यावर टीका पुष्कळ झाली. व्हिक्टर व्रूम यांचा आक्षेप मला वजनदार वाटतो: यशाचं श्रेय माणूस स्वतःला देतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे अशा मुलाखतींत दोन याद्या वेगळ्या निघणारच. आक्षेप मान्य करूनही घरून काम करणाऱ्यांना समजून घ्यायला ही विभागणी फार उपयोगी पडते. कारण घर ज्या गोष्टी सोडवतं त्या जवळपास सगळ्या तक्रारीच्या यादीतल्या आहेत. ट्रॅफिक गेलं, खानावळ गेली, भाडं गेलं, साहेबाची चढलेली भुवई दिसेनाशी झाली. पहिले सहा महिने माणूस हलका होतो आणि या हलकेपणालाच समाधान समजतो. मग एक दिवस त्याच्या लक्षात येतं की तक्रार तर काहीच नाही, आणि तरीही काही तरी कमी आहे.

कमी काय आहे याचा माग काढण्यासाठी शांघायला जावं लागेल. सीट्रिप ही चीनमधली प्रवास-आरक्षणाची मोठी कंपनी. तेव्हा तिच्याकडे 16 हजार कर्मचारी होते. 2010 च्या अखेरीला तिने कॉल सेंटरमधल्या इच्छुकांपैकी 249 जणांवर एक प्रयोग केला. जन्मतारीख सम असलेल्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचं, विषम असलेल्यांनी ऑफिसातच राहायचं. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने हिशेब ठेवला. घरी बसलेल्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. कामाबद्दलचं समाधान वाढल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. हा भाग सगळीकडे सांगितला जातो. पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि माझ्या मते खरा धडा तिथेच आहे. प्रयोग संपल्यावर कंपनीने सगळ्यांना निवड दिली: घर की ऑफिस? घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ऑफिस मागितलं. मुख्य कारण एकटेपणा. आणि प्रत्येकाने आपल्या मनासारखी जागा घेतल्यावर घरून होणाऱ्या कामातली वाढ 13 वरून 22 टक्क्यांवर गेली. प्रयोगात आणखी एक अप्रिय गोष्ट दिसली. सारखंच काम करूनही घरी बसलेल्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी होती.

2021-22 मध्ये याच कंपनीत दुसरा प्रयोग झाला. या वेळी 1,612 जण होते आणि घरून काम आठवड्यातले दोनच दिवस. बाकीचे दिवस ऑफिसात. नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं आणि बढतीवर काही वाईट परिणाम दिसला नाही. हा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातल्या माणसाला यातून सरळ उत्तर मिळतं: थोडं घर, थोडं ऑफिस. टिमथी गोल्डन आणि जॉन व्हीगा यांनी 2005 सालीच दाखवलं होतं की घरून कामाचे तास वाढतात तसं समाधान आधी चढतं आणि आठवड्याला साधारण 15 तासांच्या आसपास त्याची चढण थांबते. बोरी अरबच्या माणसाला मात्र हे थोडं-थोडं जमत नाही. बोरीहून पुण्याला आठवड्यातून दोनदा कोण जाणार? त्याच्या वाट्याला सगळं घर येतं, नाही तर सगळं ऑफिस. म्हणून शहरी अभ्यासांचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत, ही सूचना वाचकाने पुस्तकभर ध्यानात ठेवावी.

निवडीचा मुद्दा जरा जवळून पाहू, आणि त्यासाठी चीन-अमेरिकेला जायची गरज नाही. आमच्याकडे वावरातलं काम दोन तऱ्हांनी दिलं जातं: रोजानं किंवा गुत्त्यानं. रोजानं म्हणजे सकाळी ठरल्या वेळी यायचं, संध्याकाळी सुटायचं, मधे मालक बांधावर उभा. गुत्त्यानं म्हणजे एवढं वावर सोंगून द्यायचं, एवढे पैसे. कधी यायचं, किती जणांनी यायचं, दुपारी किती वेळ बसायचं, ते कामाला येणाऱ्यांनी ठरवायचं. सोयाबीन सोंगायला आलेल्या बायांना विचारा, बहुतेक जणी गुत्ता मागतील. पैसे जास्त सुटतात हे एक कारण. दुसरं कारण त्या बोलून दाखवत नाहीत, पण त्यांच्या चालण्या-बोलण्यात दिसतं: डोक्यावर कोणी उभं नसतं. गुत्त्यावरच्या टोळीचा हसण्याचा आवाज दोन वावरं ओलांडून येतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या सिद्धांतात माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत: आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला हे जमतं असं वाटणं, आणि आपली माणसं असणं. पहिल्या गरजेचं प्रात्यक्षिक आमच्या वावरात दर हंगामात चालतं. घरून कामाच्या बाबतीत मात्र घोटाळा असा झाला आहे की पुष्कळ कंपन्या काम गुत्त्याचं देतात आणि देखरेख रोजाची करतात. ठरल्या तारखेला काम पूर्ण हवं, शिवाय माउस हलला का, स्क्रीनवर हिरवा ठिपका आहे का, कॅमेरा चालू आहे का, हेही हवं. मायक्रोसॉफ्टने 2022 साली अकरा देशांत घेतलेल्या पाहणीत 87 टक्के कर्मचारी आपण नीट काम करत असल्याचं म्हणाले, आणि आपली माणसं नीट काम करत आहेत असा पूर्ण भरवसा वाटणारे वरिष्ठ फक्त 12 टक्के निघाले. ही एका सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची पाहणी आहे, म्हणून ती थोडी बेताने घ्यावी. तरी एवढी मोठी दरी नुसती योगायोगाची नसावी. ज्याच्यावर भरवसा नाही त्याला घरी बसवलं तर त्याच्या घरातच बांध तयार होतो आणि मालक त्यावर उभा राहतो. ऑफिसातली देखरेख निदान संध्याकाळी ऑफिसातच राहायची.

आतापर्यंत बोललो ते काम देणाऱ्याबद्दल. गावातून काम करणाऱ्याचा दुसरा परीक्षक घरातच असतो, आणि त्याच्याबद्दल परदेशी संशोधनात फारसं सापडत नाही. आमच्याकडे बाप पोराला विचारतो, "पगार येते थे ठीक हाये, पण तू कामाले जातं कोठी?" प्रश्नात टोमणा नसतो, खरं कुतूहल असतं. आयुष्यभर काम म्हणजे अंगाला माती लागणं, किंवा निदान इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडणं, असं पाहिलेल्या माणसाला दिवसभर खुर्चीत बसून स्क्रीनशी इंग्रजीत बोलणाऱ्या मुलाचं नेमकं काय चाललंय ते कळत नाही. मग गिरणीतून दळण आणायला तोच, बँकेत आजोबांना न्यायला तोच, पाहुणे आले तर चहाला दूध आणायला तोच. घरीच तर आहे ना! मीटिंग चालू असताना खोलीचं दार उघडून काकू विचारते, जेवायला वाढू का? तिकडे पंधरा माणसं ऐकत असतात.

वरून पाहता ही विनोदाची सामग्री आहे. पण हर्झबर्ग यांच्या यादीत दखल फार वर होती हे आठवा. ऑफिसात माणसाच्या कामाची दखल घेणारे शंभर डोळे असतात, अगदी न बोलता. रात्री उशिरापर्यंत थांबलेल्याला वॉचमनही ओळखतो. गावात ती साक्ष नाही. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिकडच्या ग्राहकाबरोबर काम करणाऱ्याचा दिवस आपल्या मध्यरात्रीनंतर संपतो. आता पाहा, कृषिपंपाची थ्री-फेज लाइन रात्री येते म्हणून शेतकरी रात्री एक वाजता बॅटरी घेऊन ओलीत करायला निघतो, तेव्हा त्याच्या कष्टांबद्दल गावात कोणाच्या मनात शंका नसते. सकाळी तो नऊपर्यंत झोपला तर कोणी उठवत नाही. रात्री एकपर्यंत काम करून सकाळी नऊला उठणारा लॅपटॉपवाला मात्र आळशी ठरतो. दोघांच्या झोपेचं खोबरं सारखंच, मान सारखा नाही. अशा मुलाशी बोलत बसलं तर तो कामाच्या ताणाबद्दल कमी बोलतो आणि या न्यायाबद्दल जास्त. ज्या घरांनी हे काम काम म्हणून ओळखलं, तिथली पोरं टिकली आणि खुलली. माझं हे निरीक्षण कोणी संख्याशास्त्राच्या कसोटीवर घासलेलं नाही, पण पुढे या विषयावर संशोधन करणाऱ्याने इथून सुरुवात करावी असं मला वाटतं.

पोरींची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सविस्तर सांगायला हवी. पोरगा घरी बसून काम करतो तेव्हा त्याचं काम घरात दिसत नाही. पोरगी किंवा सून घरी बसून काम करते तेव्हा तिचं दुसरं काम सगळ्यांना दिसतं आणि पहिलं कोणालाच दिसत नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला 289 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची 88. जवळपास पाच तास आणि दीड तास. या पाच तासांच्या डोक्यावर आठ तासांची नोकरी ठेवली की काय उरतं ते सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

तरीही बायांना घरून काम हवं असतं, आणि का हवं असतं ते समजून न घेता त्यावर नाकं मुरडण्यात अर्थ नाही. सुहानी जलोटा आणि लिसा हो यांनी मुंबईतल्या बायांबरोबर केलेल्या अभ्यासात तेच काम घराजवळच्या ऑफिसऐवजी घरून करायला दिलं तेव्हा ते स्वीकारणाऱ्यांचं प्रमाण सुमारे दुप्पट झालं. म्हणजे घरून काम नसतं तर यांतल्या अर्ध्या जणींच्या हाती काहीच लागलं नसतं. दुसऱ्या बाजूला चेन्नईतला अभ्यास आहे. डेव्हिड अ‍ॅटकिन, अँटॉनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी डेटा एंट्रीची कामं काहींना घरून आणि काहींना ऑफिसातून करायला लावली, कोणी कुठे बसायचं ते सोडतीने ठरवून. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता 18 टक्क्यांनी कमी आली. शांघायच्या अगदी उलट. आणखी खोलात गेल्यावर दिसलं की ज्यांना घरच हवं होतं ते मुळात इतरांपेक्षा वेगवान आणि अचूक होते, पण घरी बसवल्यावर त्यांचंच काम सगळ्यात जास्त घसरलं: 27 टक्के. ऑफिस पसंत करणाऱ्यांचं घरी 13 टक्केच घसरलं होतं. घर मागणाऱ्यांत लहान मुलं सांभाळणारे, घरच्यांची देखभाल करणारे, गरीब घरांतले अशांचं प्रमाण मोठं होतं. त्यांनी घर मागितलं ते तिथे काम चांगलं होतं म्हणून नव्हे, बाहेर पडता येत नव्हतं म्हणून.

शांघायमध्ये निवडीने काम सुधारलं आणि चेन्नईत निवड करणाऱ्यांचंच बिघडलं, हा विरोधाभास नाही. दोन्हीकडे निवड हे नाव एक असलं तरी वस्तू वेगळी होती. शांघायच्या प्रयोगात भाग घेणाऱ्याकडे घरात स्वतंत्र खोली असणं ही अट होती, ही बारीक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. बोरीच्या किती सुनांकडे दार लावून घेता येईल अशी खोली आहे?

घरून काम ही गोष्ट 2020 साली जन्मली असं मानणाऱ्यांनी सोलापूरला आणि मुंबईच्या गिरगावात डोकावून पाहावं. अमेरिकेत जॅक निल्स यांनी 1973 च्या सुमारास टेलिकम्युटिंग हे नाव काढलं त्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रातल्या बाया घरी बसून बाजारासाठी काम करत होत्या. सोलापूरच्या बिडी कामगार बाया तेंदूची पानं आणि तंबाखू घरी आणतात, बिड्या वळतात आणि परत नेऊन देतात. आमच्या जिल्ह्याच्या जंगलातही उन्हाळ्यात तेंदूपानं तोडली जातात, म्हणजे या साखळीचं एक टोक आमच्याकडे आहे. 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, हे त्या काळात मोठं पाऊल होतं. दुसरीकडे 15 मार्च 1959 ला गिरगावात सात गुजराती बायांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. तिथेही बाई सकाळी शाखेतून मळलेलं पीठ घेते, घरी पापड लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी नेऊन देते.

बाहेरून पाहिलं तर दोन्ही कामं एकाच साच्यातली. कच्चा माल घरी, हात आपले, मोबदला नगावर किंवा वजनावर. मनाच्या अंगाने पाहिलं तर केवढं अंतर! बिडीवाल्या बाईने वळलेल्या बिड्यांतून ठेकेदाराचा माणूस काही बिड्या छाट म्हणून बाजूला काढतो आणि त्यांचे पैसे देत नाही. का काढल्या, ते विचारायची सोय तिला क्वचितच असते. तिच्या कामावर शेरा मारला जातो, पण तिला त्यातून शिकायला काही मिळत नाही. लिज्जतमध्येही पापड तपासले जातात आणि वाईट असतील तर परतही येतात. पण तपासणारी बाई स्वतः कधी तरी लाटणारी होती, आणि लाटणारी प्रत्येक जण संस्थेची मालकीण आहे. त्या एकमेकींना बहीण म्हणतात. रोज सकाळी शाखेत जाणं हा भागही मला फार महत्त्वाचा वाटतो. रोज थोडा वेळ का होईना ती उंबरठा ओलांडते, चार जणींना भेटते, आपलं काम त्यांच्या हातात देते आणि ते घेतलं गेल्याचं स्वतः पाहते. संस्थापक सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी उद्योजकतेचं कौतुक केलं. घरून कामाचा विचार करणाऱ्यांनी लिज्जतच्या रोजच्या रचनेचा अभ्यास करायला हवा होता. डेसी आणि रायन यांच्या तिन्ही गरजा त्या पीठ-पापडाच्या येरझारीत भागत होत्या, त्यांचं पुस्तक येण्याच्या पाव शतक आधी.

एकटेपणाबद्दल थोडक्यात. गावात एकटेपणा कसला, असं म्हणणारे गावातले नसतात. बोरीत बोलायला माणसं भरपूर आहेत, पण कोडमधली चूक चार दिवसांनी सापडल्याचा आनंद समजेल असं माणूस शेजारी नाही. मायक्रोसॉफ्टच्या 61,182 अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. घरी गेल्यावर लोक आपापल्या जवळच्या गटातच जास्त बोलू लागले आणि लांबच्या ओळखी सुटत गेल्या, असं त्यात दिसलं. नव्याने नोकरीला लागलेल्याला याचा फटका सर्वांत मोठा बसतो, कारण त्याचा जवळचा गट अजून तयारच झालेला नसतो. चेन्नईतही ऑफिसात बसणारे जलद शिकले होते. म्हणून नोकरीचं पहिलं वर्ष शक्यतो माणसांत काढावं, असं माझं मत आहे. घर कुठे पळून जात नाही.

राहिला प्रश्न कामाची आणि घराची सीमा आखण्याचा. क्रिस्टीना निपर्ट-एंग यांनी 1996 च्या आपल्या पुस्तकात दोन टोकांची माणसं दाखवली: काम आणि घर एकमेकांत मिसळू देणारी, आणि दोन्ही काटेकोर वेगळं ठेवणारी. तिसरी प्रवृत्ती या दोहोंच्या मधली, आणि बहुतेक माणसं तिथेच असतात. कोणती चांगली असा निकाल देता येत नाही. आपला स्वभाव कोणता आणि आपली नोकरी कोणता स्वभाव मागते, हे जुळतं का ते पाहावं लागतं. मिसळून घेणाऱ्याला अधूनमधून वावरात फोनवर बोलत फिरायला आवडतं. वेगळं ठेवणाऱ्याला मात्र कामाला लागण्याआधी एक वाट चालावी लागते. ऑफिसचा प्रवास जाच वाटायचा, पण मन एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत न्यायचं कामही तो करायचा. गावातल्या काहींनी ही वाट स्वतः तयार केली आहे: आंघोळ करून, बूट घालून, मागच्या दाराने बाहेर पडायचं, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने आत यायचं आणि मग लॅपटॉप उघडायचा. शेजारी हसतात. हसू द्या.

या पुस्तकात काय नाही तेही सांगून टाकतो. कमी किमतीची खुर्ची कोणती, इन्व्हर्टर केवढा घ्यावा, इंटरनेटसाठी कोणती कंपनी बरी, असल्या गोष्टी इथे मिळणार नाहीत. पावसाळ्यात लाइन गेली की या गोष्टींचं महत्त्व मलाही पटतं, पण त्यांची माहिती दुसरीकडे भरपूर आहे. पुढच्या प्रकरणांत मोकळीक, दखल, एकटेपणा, सीमा आणि बढती या क्रमाने विषय येतात. बायांच्या कामाचं प्रकरण शेवटी ठेवलं असलं तरी ज्यांच्या घरात सून किंवा लेक लॅपटॉपवर बसते त्यांनी ते आधी वाचावं. मानसशास्त्राची ओळख नसेल तरी अडणार नाही.

दोन वर्गांना मात्र थेट विनंती आहे. गावाकडच्या माणसांना काम देणाऱ्या कंपन्यांनी त्यांना वर्षातून निदान दोनदा स्वखर्चाने चार दिवस बोलावून घ्यावं, बढतीच्या यादीत त्यांची नावं मुद्दाम तपासावीत, आणि काम गुत्त्याचं दिलं असेल तर माउसचे हेलपाटे मोजू नयेत. आणि आईबापांनो, सासू-सासऱ्यांनो, पोरगं किंवा सून दार लावून बसली असेल तेव्हा दळण तासभर थांबू शकतं. त्यांचं काम काय आहे, ते एकदा शेजारी बसून विचारा. समजलं नाही तरी चालेल.

बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ